कॅरमसाठीही रकाना?

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. मुलगा तेरा वर्षांचा. सहावीनंतर त्याला शाळेतून काढलं आणि तेव्हापासून मी त्याला घरीच शिकवते. त्यासाठी बँकेतली नोकरी सोडली. आमच्या आवडत्या साधनांची आणि छंदांची एक्सेल शीट सोबत जोडली आहे, त्याच्या पक्ष्यांच्या वहीचे फोटोही आहेत. पक्षिनिरीक्षण हा त्याचा सगळ्यात मोठा छंद, यादी दीडशेच्या वर गेली आहे. पण दोन महिने झाले, येऊरच्या जंगलात चल म्हटलं की 'आज नको' म्हणतो. या छंदातून करिअर कसं घडवायचं? आतापासून कोणती सर्टिफिकेट्स करावीत? माझ्या जाऊबाई म्हणतात, ओपन स्कूलमधून दहावी केली की डॉक्टर-इंजिनीअरची दारं बंद. त्यांचा मुलगा आठवीपासूनच फाउंडेशन क्लासला जातो. आमचा मुलगा मागे पडलेला नाही, हे कसं दाखवता येईल?
– एक आई, ठाणे

उत्तर :

ताई,

तुमचं मूळ पत्र तीन पानी, वर ते थोडक्यात दिलंय. पण पत्राआधी मी शीट उघडली. एनसीईआरटी आणि बालभारतीची मोफत ई-पुस्तकं, खान अकॅडमीचं गणित, अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरची खेळणी, 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक, मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, येऊर, ऐरोलीचं खाडीकाठचं केंद्र. घरी शिकवणारे पुष्कळ पालक महागड्या ॲप्सवर पैसे उधळतात. तुमच्या यादीतलं जवळपास सगळं फुकट किंवा बसच्या तिकिटात मिळणारं आहे, आणि निवड चोख आहे. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून घन, प्रिझम, डोम करायला लावणं हे तर भूमितीच्या कुठल्याही क्लासपेक्षा सरस. इथवर मी मान डोलावत वाचत होते.

मग कॅरमची ओळ आली. 'कॅरम (आजोबांसोबत). कौशल्य : कोन, बल, एकाग्रता, दोन पिढ्यांमधला संवाद. वेळ : आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटं. पुरावा : फोटो. संभाव्य करिअर : ?'

अहो, दुपारचं जेवण झाल्यावर आजोबा आणि नातू पावडर शिंपडून बसतात, राणीवरून भांडतात, आजोबा हळूच सोंगटी सरकवतात, नातू ती पकडतो. आणि तुम्ही दारात मोबाइल घेऊन उभ्या, कारण 'पुरावा' नावाचा रकाना भरायचा राहिलाय. शीटमध्ये एकूण सहा रकाने आहेत. स्वयंपाकालाही आहेत (अपूर्णांक, रसायनशास्त्र). पावसात सायकल चालवण्यालाही आहेत. बिनकामाची अशी एकही ओळ मला सापडली नाही. मला काळजी वाटली ती इथे. मुलाची यादी, त्याची दहावी, क्लास, सर्टिफिकेटं, यांतल्या कशाचीच वाटली नाही.

वहीचे फोटो मी मोठे करून पाहिले. सुरुवातीच्या एका पानावर उपवन तलावावरचा पाणकावळा आहे, पंख पसरून दगडावर बसलेला. चित्र पेन्सिलीचं, मान जरा जास्तच लांब झालीय. खाली गिचमिड अक्षरात लिहिलंय : 'बदकाचे पंख भिजत नाहीत. हा तर पाण्यात बुडून मासे पकडतो. मग याचे का भिजतात? उलट नको का?' ताई, हा प्रश्न अभ्यासकांनाही पडलेला आहे. पाणकावळ्याच्या पिसांत पाणी थोडंफार शिरतं, त्यामुळे त्याचं तरंगणं कमी होतं आणि बुडी मारायला सोपं जातं. बाहेर आल्यावर मात्र पंख वाळवत बसणं आलं. एका सोयीपायी दुसरी गैरसोय त्याने पत्करलेली असते. तुमचा मुलगा कुठलंही पुस्तक न उघडता, नुसतं बघून इथपर्यंत पोचला होता. पुढच्या तीन पानांवरही असेच प्रश्न आहेत, एक तर खोडून पुन्हा लिहिलेला.

आता अलीकडची पानं बघा. चित्र नाही, प्रश्न नाही. तारीख, वेळ, नाव, संख्या. आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात वेगळ्या, नीटनेटक्या अक्षरात एकूण बेरीज : १४२, १४७, १५१. ते अक्षर तुमचंच असणार. 'आज नको' कुठून आलं, हे मला विचारायची गरजच नव्हती. तुम्ही पाठवलेल्या फोटोंतच ते आहे.

हे का झालं, तेही पत्रात दिसतं. तीन पानांत जाऊबाई पाच वेळा येतात, मुलाचं स्वतःचं म्हणणं एकदाच येतं, तेही दोन शब्दांत. शाळा सोडवलीत तेव्हा सासरी तुम्हाला बरंच ऐकून घ्यावं लागलं असणार, त्याचा राग मला समजतो. पण तेव्हापासून तो पोरगा तुमच्या निर्णयाची साक्ष देत उभा आहे. यादी वाढली की तुम्ही जिंकलात, तो कंटाळला की हरलात. जाऊबाईंचा मुलगा क्लासमध्ये घासतोय आणि तुमचा येऊरच्या रस्त्यावर, एवढाच काय तो फरक. शाळेत निदान घंटा व्हायची आणि बाई आपापल्या घरी जायच्या. तुमच्याकडे बाईच रात्री ताट वाढतात. जाऊबाईंना काय दाखवायचं, या प्रश्नाचा करिअरशी संबंध नाही, त्यामुळे त्याचं उत्तर मी देणार नाही. दिवाळीत भेटलात की फराळ खा आणि विषय बदला.

त्यांचा एक गैरसमज मात्र दूर करायला हवा, कारण तो फक्त त्यांचा नाही, अर्ध्या ठाण्याचा आहे. ओपन म्हणजे नापासांचं बोर्ड आणि तिथून पुढे रस्ता नाही, असं सर्रास बोललं जातं. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, १९८९ मध्ये स्थापन झाली. ती केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे आणि तिची दहावी-बारावी ही सीबीएसई किंवा राज्य मंडळाच्या दहावी-बारावीइतकीच मान्य आहे. दहावीसाठी वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत, म्हणजे तुमच्याकडे अजून वेळ आहे. विषय किमान पाच, त्यात एक भाषा हवी. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे दोन विषय आत्ता आणि तीन नंतर, असंही करता येतं. इंजिनीअरिंगच्या जेईई परीक्षेला पाच विषयांसह एनआयओएसची बारावी चालते. जाऊबाईंच्या बोलण्यात तथ्य होतं ते मेडिकलपुरतं : वैद्यकीय प्रवेशाच्या नियमांत ओपन स्कूलच्या विद्यार्थ्यांना मज्जाव करणारी तरतूद होती. ती दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयात गेलेला वादही २०२४ मध्ये या विद्यार्थ्यांच्या बाजूने मिटला. मान्यताप्राप्त ओपन बोर्डातून आलेला विद्यार्थी आता 'नीट' ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देऊ शकतो. शिवाय राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसण्याची वाट आहेच. दारं उघडी आहेत. आज त्यातल्या कुठल्याही दारात जाऊन उभं राहायचं कारण नाही, इतकंच.

पक्ष्यांच्या करिअरबद्दल : बारावी सायन्स, मग प्राणिशास्त्र किंवा जीवशास्त्र, मग वन्यजीवशास्त्रात एमएस्सी. वनशास्त्राकडे जायचं तर दापोलीचं कृषी विद्यापीठ आहे. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, पुण्याची आयसर ही विज्ञान संस्था, ही नावं तीन-चार वर्षांनी काढू. बीएनएचएसचे, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे, पक्षिशास्त्राचे अभ्यासक्रम चांगले असतात, पण आज ते केले तर शीटमध्ये एक ओळ वाढेल, दुसरं काही होणार नाही. या क्षेत्रात काम कसं चालतं ते मात्र आत्ताच समजून घ्या. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झाली. भरती आली की खाडीतला चिखल पाण्याखाली जातो आणि रोहित पक्षी, म्हणजे हेच फ्लेमिंगो, नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींवर येऊन थांबतात. उद्या तिथे भराव पडला, तर भरतीच्या त्या वेळात हे थवे जाणार कुठे? असल्या प्रश्नांपायी माणसं वर्षानुवर्षं ऊन-चिखलात उभी राहतात, संख्याशास्त्राशी झटतात, कंटाळवाणे अहवाल लिहितात. मोजदाद तिथेही असते, पण आधी प्रश्न पडलेला असतो. तुमच्या मुलाला प्रश्न पडत होते. मोजायला तुम्ही लावलंत. आणि पुढे तो सीए झाला, रविवारी सकाळी दुर्बीण घेऊन ऐरोलीला गेला, तरी माझी काही तक्रार नाही. तुमची असेल, तर ती आत्ताच तपासून बघा.

आणखी एक गोष्ट मला शीटमध्ये दिसली नाही. रोहित हे नाव तीन ठिकाणी आहे, तिन्ही ठिकाणी पक्षी. त्याच्या वयाचं एकही पोरगं तुमच्या सहा रकान्यांत नाही. आजोबा आहेत, तुम्ही आहात. यजमानांचा उल्लेख 'गाडी ते चालवतात' एवढाच. होमस्कूलिंग करणाऱ्यांना लोक अभ्यासाबद्दल छेडतात, तो तर घरी होऊन जातो. घरी होत नाही ते हे : समवयस्कांबरोबर भांडणं, हरणं, आपल्याला टीममध्ये कोणी घेत नाही म्हणून हिरमुसणं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली उतरणं. तुमच्या कॉम्प्लेक्समध्ये संध्याकाळी क्रिकेट चालतच असेल. तिथे त्याला जाऊ द्या, आणि गॅलरीतून बघू नका.

त्या वहीला महिनाभर हात लावू नका. दाखव म्हणू नका, बेरीज करू नका, येऊरचं नाव काढू नका. तो जाईल किंवा जाणार नाही, दोन्ही ठीक. ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, अजून चार आठवड्यांत कुठे जात नाही, तेव्हा तिथलीही घाई नको. जायचं म्हणाला तर सभासदत्व त्याच्या नावाने काढा आणि त्याला टीएमटीच्या बसने एकटं पाठवा. कुठलं पुस्तक आणलं हे विचारू नका, रहस्यकथा आणली तर आणू दे. गणित यजमानांकडे सोपवा. ते वाईट शिकवतील, तुम्हाला राहवणार नाही, तरी दुसऱ्या खोलीत बसून राहा. कॅरमची ओळ शीटमधून काढून टाका. बाकीच्या ओळींतले 'पुरावा' आणि 'संभाव्य करिअर' हे रकाने उडवलेत तरी शिकवण्यात काडीचा फरक पडणार नाही.

त्या रिकाम्या वेळात तुम्ही काय करणार, हा यातला अवघड भाग. बँकेत काम केलेली, शेकडो साधनांमधून नेमकी उपयोगाची निवडणारी, ती वयानुसार आणि विषयानुसार लावणारी बाई घरात आहे, आणि तिच्या हाताखाली विद्यार्थी एकच. त्या एकावर सगळा जोर पडणार नाही तर काय होणार? तुमच्या मुलाच्या करिअरची मला आज घाई वाटत नाही. तुमच्या करिअरची वाटते. ती शीट मी एखाद्या शाळेच्या ग्रंथपालाच्या अर्जासोबत पाहिली असती तर त्या उमेदवाराला आधी बोलावलं असतं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा ग्रंथालय आणि माहितीशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम पदवीधरांना घरून करता येतो. शिकवणंच आवडत असेल तर बीएड आहे, पण तो दोन वर्षांचा पूर्णवेळ असतो आणि आधी सीईटी ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, तेव्हा घरचं गणित जुळतंय का ते बघा. बँकेत परतायचं असेल तर तेही मोकळेपणी म्हणा. मुलाला घरी शिकवायचं म्हणजे आईने जन्मभर घरी बसायचं असा काही नियम नाही. तो चौदाचा होतोय, दिवसाचे चार-पाच तास त्याला एकटं राहता येईल. आजोबाही घरात आहेत.

पुन्हा लिहिलंत तर मुलाबद्दल काही कळवू नका. तुमची पदवी कोणत्या विषयाची, बँकेत किती वर्षं आणि कोणत्या कामावर होता, दिवसाला किती वेळ काढू शकता आणि ठाण्याबाहेर रोज जाण्याची तयारी आहे का, एवढं कळवा. म्हणजे नेमकं सांगता येईल.