चेंडूच्या आधी उठू नकोस

बाळा,

रात्री दीड वाजता पाठवलेला तुझा मेसेज मी सकाळी फिरायला निघालो तेव्हा वाचला आणि तिथेच शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून राहिलो. "सर, ग्लोव्हज सोडू का?" एवढंच. म्हणजे विकेटकीपिंग सोडू का. आणि खाली तो व्हिडिओ.

उत्तर आधीच देतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. नाही. सोडायचे नाहीत.

व्हिडिओ मी दहा-बारा वेळा बघितला. बॅट्समन दोन पावलं पुढे आला, ऑफस्पिनरने त्याला फसवला होता. बॅट-पॅडच्या मधून आलेला चेंडू खाली राहिला. तोवर तुझे ग्लोव्हज बेल्सच्या उंचीला पोचले होते. चेंडू खालून निघून गेला, चार बाय. कट्ट्यावरचे म्हणतील हात कच्चे आहेत. तुझे हात कच्चे नाहीत रे, मी ओळखतो ते हात. तू आधी उठलास. व्हिडिओ थांबवून बघ, टप्पा पडायच्या आतच गुडघे सरळ व्हायला लागलेत. तीन वर्षं घसा कोरडा करून सांगतोय, चेंडूच्या आधी उठू नकोस. टप्पा पडेपर्यंत खाली, मग चेंडू जेवढा वर येईल तेवढाच तू वर. खालून वर यायला वेळ मिळतो, वरून खाली जायला मिळत नाही.

का उठलास, तेही मला कळलंय. तुमच्या स्कोअररला फोन करून विचारलं. सकाळी तू सात रनवर आउट झाला होतास. दुपारी स्टंप्समागे बसलास तो ते सात रन डोक्यात घेऊन. एक स्टंपिंग केलं की सकाळचं भरून निघेल, अशी घाई झाली. म्हणून उठलास.

आता कोच म्हणतात की दुसरा पोरगा तुझ्यापेक्षा तीस रन जास्त करतो आणि कीपिंग "चालवून घेतो". त्यांचंही पूर्ण चूक नाही. ऑस्ट्रेलियाच्या गिलख्रिस्टनंतर कीपरकडून रन मागण्याची पद्धत पडली, ती जाणार नाही. २००३च्या वर्ल्ड कपमध्ये आपण राहुल द्रविडला ग्लोव्हज घालायला लावले, का तर एक बॅट्समन जास्त खेळवता यावा. म्हणून बॅटिंग करायची नाही असं मी कधीच म्हटलेलं नाही. सकाळी सहाला उठ, तास-दीड तास बॅटिंग कर. पण तो तास झोपेतून काप, कीपिंगमधून कापायचा नाही. तू कुठून कापतोयस ते मला व्हिडिओत दिसलं.

मीही तिथूनच कापला होता. हे तुला कधी सांगितलं नाही.

त्या काळात मुंबईच्या स्टंप्समागे चंद्रकांत पंडित होता. तो भारताकडून खेळायला गेला की इथे जागा मोकळी व्हायची, आणि आम्ही चार-पाच जण तिच्यावर डोळा ठेवून असायचो. एका जबाबदार माणसाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझं कीपिंग बघायची गरज नाही, रन काढ." मी ते शब्दशः घेतलं. अख्खा सीझन नेटमध्ये बॅटिंग केली, कीपिंगचा सराव आठवड्यातून अर्धा तास. ट्रायल मॅचमध्ये ६१ काढले. दुसऱ्या दिवशी डावखुऱ्या स्पिनरवर एक बॅट्समन हातभर बाहेर आला, चेंडू वळला, आणि माझ्या उजव्या ग्लोव्हच्या बोटांच्या टोकाला लागून खाली पडला. बोटांच्या टोकाला, तळव्याला नाही! कारण मी अर्धा उठलो होतो. तो बॅट्समन संध्याकाळपर्यंत खेळला. बॉलरने मला एक शब्द बोलून दाखवला नाही, फक्त पुढच्या ओव्हरपासून चेंडूला उंची देणं, म्हणजे बॅट्समनला पुढे खेचणं, बंद केलं.

हे नीट वाच. बॉलरने उंची देणं बंद केलं. कीपरचं काम काय असतं ते मला त्या दिवशी कळलं, तेव्हा मी २४ वर्षांचा होतो. तुला एकोणिसाव्या वर्षी कळावं म्हणून हा सगळा खटाटोप.

भारताचे जुने कीपर नरेन ताम्हाणे २१ कसोटी खेळले. सगळ्या मिळून धावा किती? २२५. आज एवढ्या रनांवर त्यांना कुणी अंडर-२३च्या कॅम्पलाही बोलावलं नसतं, मान्य. पण ते सुभाष गुप्तेंच्या लेगस्पिन-गुगलीमागे उभे राहायचे. ताम्हाण्यांच्या ५१ बळींपैकी १६ यष्टिचीत आहेत, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. बॅट्समनला पुढे खेचायचं धाडस बॉलर कुणाच्या जिवावर करतो? १९८८ची चेन्नईच्या चेपॉकची कसोटी घे. नरेंद्र हिरवाणीचे पदार्पणातले १६ बळी सगळ्यांना पाठ आहेत. त्याच सामन्यात किरण मोरेने सहा स्टंपिंग केले, त्यातले पाच दुसऱ्या डावात. तो जागतिक विक्रम आहे. वेस्ट इंडिजचे लोक पट्टे फिरवत पुढे येत होते, चेंडू हातभर वळत होता, आणि हा माणूस एकदाही घाईने उठला नाही. मोरे आधी कितीतरी दिवस सय्यद किरमाणीच्या मागे थांबला होता. आणि किरमाणी स्वतः फरुख इंजिनिअरच्या मागे दोन इंग्लंड दौरे बसून आला होता. कीपरची जागा संघात एकच असते. बॉलर चार खेळतात, बॅट्समन सहा. तू हे काम निवडलंस तेव्हाच रांगेत उभा राहिलास. समीर दिघेला कसोटीची टोपी मिळाली ती ३२व्या वर्षी, चेन्नईला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध २००१ला. १५५ धावांचा पाठलाग होता, आठ विकेट पडल्या, आणि तो २२ वर नाबाद राहिला. तू एकोणीस वर्षांचा आहेस आणि एका क्लबच्या एका कोचच्या एका वाक्यावर रात्री दीड वाजता ग्लोव्हज सोडायला निघालास!

रागावलो. रागवायचं नव्हतं.

मला बाहेरच्या एका राज्याकडून विचारणा आली होती, हेही ऐकशील कुणाकडून तरी. मी गेलो नाही. मैदानावर अजून बोलतात की घाबरला म्हणून. बाबांची गिरणी ८२च्या संपात बंद पडली ती पडलीच. ऑफिसने खेळाडू म्हणून घेतलं होतं, पगार चालू होता, ताईचं लग्न व्हायचं होतं. तो निर्णय चूक होता असं मी आजही मानत नाही. घर उभं राहिलं त्यावर. पण २७व्या वर्षी ग्लोव्हज कपाटात टाकून मी ऑफिसच्या टीमला नुसता बॅट्समन म्हणून खेळायला लागलो, ते कुणी सांगितलं नव्हतं. घरासाठीही ते करावं लागलं नव्हतं. वाट बघणं जिवावर आलं होतं, एवढंच. तिथेही मी आधी उठलो. तुला बाहेरून विचारणा आली तर जा, बिनधास्त जा. पंडितही पुढे मध्य प्रदेशकडून खेळला. १९९९ला त्यांचा कॅप्टन म्हणून बंगळूरला रणजी फायनल हरला, आणि २०२२ला त्याच मैदानावर कोच म्हणून त्यांना ती ट्रॉफी मिळवून दिली, तीही मुंबईला हरवून. तेवीस वर्षं.

भाच्याकडे अमेरिकेत गेलो होतो तेव्हा त्याने बेसबॉलची मॅच दाखवायला नेलं. मी तीन तास फक्त कॅचरकडे, म्हणजे त्यांच्या कीपरकडे, बघत होतो. तोही उकिडवा, तोंडावर जाळी, आणि अख्खं मैदान त्याच्या समोर. बाकीचे सगळे त्याच्याकडे तोंड करून. भाचा म्हणाला, तिकडे मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य कोच, होणाऱ्यांत जुने कॅचर खूप. ब्रूस बोची कॅचर होता, तोही राखीव, मॅनेजर म्हणून त्याने चार वर्ल्ड सीरिज, म्हणजे तिकडच्या फायनल, जिंकल्या. मला नवल वाटलं नाही. दिवसभरात नव्वद ओव्हर म्हणजे ५४० चेंडू, तेवढ्या वेळा खाली बसून जो बघतो त्याला खेळ कळतोच.

हेल्मेटचं मात्र ऐक. स्टंप्सजवळ उभा राहिलास की हेल्मेट हवंच, टेनिस बॉलने सराव असला तरी. आपला कीपर साबा करीमच्या डोळ्याला २०००ला ढाक्यात चेंडू लागला आणि त्यानंतर करिअर फार चाललं नाही. दक्षिण आफ्रिकेच्या मार्क बाउचरला २०१२ला इंग्लंडमध्ये टाँटनला उडालेली बेल डोळ्यात लागली, १४७ कसोटी खेळलेला माणूस स्टंप्समागे पुन्हा उभा राहू शकला नाही. माझ्या उजव्या करंगळीचं पेर वाकडं आहे, तू बघितलंयस. तेवढी किंमत चालते. डोळ्याची नाही.

रविवारी पावणेसातला ये. एक स्टंप आणि गोल्फचा बॉल मी आणतो. भिंतीवर बॉल मारून शंभर उजव्या हाताने, शंभर डाव्या, आणि गुडघे सरळ झालेले दिसले की मोजणी पुन्हा एकपासून. बॅट घरी ठेव.

आणि तुझे इनर, ग्लोव्हजच्या आतले हातमोजे, फाटलेत. व्हिडिओत डाव्या मनगटाशी लोंबताना दिसतात. माझ्याकडे शॅमॉयची, मऊ चामड्याची, एक जोडी आहे, कधी घातलीच नाही. ओली करून, हातात मळून मऊ करून ठेवतो.

तुझा,
सर