अपंग व्यक्तींना स्वतःची तब्येत कशी वाटते, हे कसं मोजावं?

तुम्ही विचारलंय की एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) डिझर्टेशनसाठी एका तालुक्यातल्या अपंग व्यक्तींना स्वतःचं आरोग्य कसं वाटतं ते मोजायचंय. गाइड एसएफ-३६ (तब्येतीबद्दलची ३६ प्रश्नांची ठरीव प्रश्नावली) वापरा म्हणतात, आणि तुम्हाला 'एकूणात तुमची तब्येत कशी आहे?' हा एकच प्रश्न पुरेल असं वाटतंय. मी तुमच्या बाजूने आहे, पण काही अटींवर. आरोग्याच्या सर्वेक्षणांसाठी घरोघर फिरून फॉर्म भरण्याचं काम मी केलंय आणि माझ्या डाव्या पायाला पोलिओ आहे, कॅलिपर लावतो. त्यामुळे हा प्रश्न विचारलाही आहे आणि मला विचारलाही गेला आहे.

हा एक प्रश्न वाटतो तेवढा पोरकट नाही. इडलर आणि बेन्यामिनी या संशोधकांनी १९९७ मध्ये २७ अभ्यास एकत्र करून पाहिले. वय, असलेले आजार वगैरे हिशेबात धरूनसुद्धा, तब्येत 'वाईट' सांगणारे लोक पुढच्या काही वर्षांत जास्त दगावले, असं त्यांतल्या बहुतेकांत दिसलं. रिपोर्टात न उतरलेलं काहीतरी माणसाला स्वतःच्या अंगाबद्दल ठाऊक असतं.

आता एसएफ-३६. त्यात शारीरिक क्षमतेचे दहा प्रश्न आहेत आणि त्यांतले पाच निव्वळ जिने चढण्याचे आणि चालण्याचे. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाला 'एक मैलापेक्षा जास्त चालताना अडचण येते का?' विचारायचं म्हणजे विचारणाऱ्यालाच ओशाळं व्हायला होतं. ते एक वेळ सोडा, खरी भानगड गुणांची आहे. तो माणूस रोज नोकरीवर जात असेल, वर्षात एकदाही तापाने पडला नसेल, तरी त्या पाच ठिकाणी तळाचेच गुण. पुढे तब्येत सुधारो की बिघडो, ते पाच आकडे जागचे हलत नाहीत. अमेरिकेत काही संशोधकांनी 'चालणे' काढून 'जाणे' घालून पाहिलं. ते बरं आहे, पण तुमच्या कामाला तेवढी उठाठेव नको.

ईक्यू-५डी (तब्येत मोजायची दुसरी, पाच मुद्द्यांची प्रश्नावली) सुचवलं गेलं तर त्याचाही पहिला प्रश्न चालण्या-फिरण्याचाच असतो. शिवाय उत्तरांचं 'मोल' सर्वसामान्य लोकांना कल्पना करायला लावून ठरवतात. ब्रिटनच्या १९९७ च्या गुणांकात सगळ्यात वाईट अवस्थेला उणे ०.५९४ मिळाले. मरणाला तिथे शून्य धरतात, म्हणजे ही अवस्था मरणापेक्षाही खाली. ज्यांनी ही किंमत लावली त्यांतल्या बहुतेकांनी ती अवस्था अनुभवलेली नव्हती.

एका घरी पाठीच्या कण्याला मार बसलेल्या एक बाई होत्या. मी प्रश्न विचारला तर दिरानेच सांगून टाकलं, "तिची कसली तब्येत, बघताय ना तुम्ही." त्या आतल्या खोलीतून म्हणाल्या, "भाऊजी, मला विचारलंय ना?" मग मला म्हणाल्या, "आता बरी आहे की मी. मागच्या पावसाळ्यात बसायच्या जागी जखम चिघळली होती, तेव्हा आजारी होते." पाय चालत नाहीत ही त्यांची रोजची स्थिती होती. आजार म्हणजे ती जखम, लघवीचं इन्फेक्शन, त्याने भरणारी थंडी. माझंही तसंच. पाय लहानपणापासून तसाच आहे, त्याचा मी तब्येतीत हिशेब धरत नाही. पण पोलिओनंतर कित्येक वर्षांनी नव्याने अशक्तपणा आणि थकवा येऊ शकतो. तो आला की मी 'चांगली'वरून 'ठीकठाक'वर येईन, आणि अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवरची टक्केवारी तीच असेल.

म्हणून तुमचा एक प्रश्न ठेवा आणि लगेच विचारा, 'हे सांगताना काय डोळ्यांपुढे आलं?' उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. तुमच्या डिझर्टेशनचा जीव त्या रकान्यात असेल. मग गेल्या ३० दिवसांत किती दिवस तब्येत बरी नव्हती, ते विचारा. गावात ३० दिवस कोणी मोजत नाही, 'गेल्या चार आठवडी बाजारांत' म्हटलं की आठवतं.

क्रम महत्त्वाचा. तब्येतीचा प्रश्न सगळ्यात आधी. अर्धा तास काय काय जमत नाही ते वदवून घेतल्यावर विचाराल तर उत्तर खाली घसरणारच. अपंगत्वासाठी वॉशिंग्टन ग्रुप या आंतरराष्ट्रीय गटाचे सहा प्रश्न (दिसणं, ऐकू येणं, चालणं, लक्षात राहणं, स्वतःचं आवरणं, बोलणं समजणं-समजावणं) नंतर घ्या. नुसत्या यूडीआयडी कार्डाच्या (अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राच्या) यादीवर विसंबलात तर ज्यांना कार्डापर्यंत पोचताच आलं नाही ते सुटतील.

'तब्येत चांगली' ही उत्तरं भरपूर आली तर हुरळून जाऊ नका आणि 'बिचारे मनाची समजूत घालतात' असंही लिहू नका. आल्ब्रेख्ट आणि डेव्हलीगर या संशोधकांच्या १९९९ च्या लेखात मध्यम ते गंभीर अपंगत्व असलेल्या ५४.३ टक्के लोकांनी आपलं जगणं चांगलं किंवा उत्कृष्ट असल्याचं सांगितलं. अर्थात तिथे प्रश्न जगण्याच्या दर्जाचा होता, तब्येतीचा नव्हता, दोन्हींची गल्लत करू नका. दुसऱ्या टोकाला अमर्त्य सेन यांचा २००२ चा इशारा आहे: केरळात लोक जास्त जगतात आणि आजारही जास्त सांगतात, बिहारात आयुर्मान कमी असून आजार कमी सांगितले जातात. जिथे उपचार कधी मिळालेच नाहीत तिथे दुखणं हे दुखणं वाटत नाही. म्हणून शेजारी एखादी पडताळता येणारी गोष्ट हवी, जसं की सध्या जखम आहे का, शेवटचं कधी डॉक्टरकडे गेलात.

आणि उलटा प्रकारही होतो. हातात फॉर्म बघून लोकांना वाटतं निराधार योजनेच्या पगाराची (दरमहाच्या सरकारी मदतीची) चौकशी आलीय. मग धडधाकट आवाजात 'फार वाईट हो' ऐकायला मिळतं. आपण तहसीलमधून आलेलो नाही, याने पगार ना सुरू होईल ना बंद, हे दारातच सांगा.

बहिऱ्या व्यक्तीसाठी घरच्यांना दुभाषी करू नका, सांकेतिक भाषा येणारा माणूस न्या. बौद्धिक अक्षमता असेल तर 'तब्येत चांगली आहे का?' विचारू नका, पुष्कळदा नुसतं 'हो' येतं. दोन-तीन चेहऱ्यांची चित्रं दाखवून कोणता तुमचा, असं विचारा. तरीही दुसऱ्या कोणाला उत्तर द्यावं लागलं तर फॉर्मवर कोणी दिलं ते लिहा आणि ती उत्तरं वेगळ्या तक्त्यात मांडा, बाकीच्यांत मिसळू नका.

गाइड अडूनच बसले तर एसएफ-३६ मधले सर्वसाधारण आरोग्याचे पाचच प्रश्न घेऊ द्या म्हणून विनंती करा. तुमचा एक प्रश्न त्या पाचांत आहेच.