जुने ऑटोकॅड आणि नकाशांच्या फायली : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या कार्यालयात आराखडे काढण्यासाठी ऑटोकॅड २००६ हे सॉफ्टवेअर आहे. पाणीपुरवठा योजनेच्या कामासाठी गावाची हद्द, गट, ओढे आणि रस्ते असलेले फोल्डर मिळाले आहे. त्यात प्रत्येक नावाच्या चार फायली आहेत : एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ आणि पीआरजे. ‘ओपन’च्या खिडकीत त्या दिसतच नाहीत, आणि ‘लोड’ कमांड देऊन एसएचएक्स निवडली तर ती नाकारली जाते. फायली बिघडलेल्या आहेत, की आमची आवृत्ती जुनी पडली आहे?
— स्थापत्य अभियंता, वाई

उत्तर : आपण सांगितलेल्या लक्षणांवरून फायली बिघडल्या आहेत असे म्हणता येणार नाही, आणि दोष आवृत्तीचाही नाही; कारण साध्या ऑटोकॅडच्या नव्या आवृत्तीतही या फायली ‘ओपन’ने उघडत नाहीत. घोटाळा नावांचा आहे. ऑटोकॅडमध्ये एसएचपी आणि एसएचएक्स ही नावे पूर्वीपासून निराळ्याच कामासाठी वापरली जातात : अक्षरांची वळणे आणि लहान चिन्हे ज्या मजकुरात लिहिलेली असतात ती फाइल एसएचपी, आणि त्या मजकुरावरून तयार होते ती एसएचएक्स. आपण आराखड्यावर रोज वापरत असाल तो ‘सिम्प्लेक्स’ किंवा ‘रोमन्स’ टंक म्हणजे अशीच एक एसएचएक्स फाइल असते. ‘लोड’ कमांड ऑटोकॅडच्या चिन्हांची एसएचएक्स शोधत होती, म्हणून तिने आपली फाइल नाकारली. नकाशाबरोबर आलेल्या एसएचएक्स फायली टंकांच्या फोल्डरमध्ये ठेवून पाहण्याचा मोह कृपया टाळावा.

आपल्याकडे आलेली आहे ती एस्री या अमेरिकी कंपनीने १९९० च्या दशकात रूढ केलेली ‘शेपफाइल’. तिच्या एसएचपीमध्ये रेषा आणि क्षेत्रे यांचे निर्देशक (म्हणजे जागा सांगणारे आकडे) असतात, एसएचएक्समध्ये त्यांची अनुक्रमणिका, डीबीएफमध्ये गट क्रमांकासारखी माहिती तक्त्याच्या रूपात, आणि पीआरजेमध्ये हे निर्देशक कोणत्या पद्धतीने मोजले आहेत त्याची नोंद. पहिल्या तिघींपैकी एक जरी मागे राहिली तरी शेपफाइल अपुरी ठरते. म्हणून चारही फायली नेहमी एकत्र आणि एकाच नावाने ठेवाव्यात. पीआरजेवाचूनही फाइल उघडते खरी, पण तेव्हा निर्देशकांचा अर्थ आपल्याला अंदाजाने लावावा लागतो, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक चुका तिथेच होतात.

आपल्या संगणकावर ‘ऑटोकॅड मॅप’ असेल तर त्यातील ‘मॅपइम्पोर्ट’ ही कमांड शेपफाइल थेट आत घेते. ते नसेल तर मध्ये एक टप्पा घालावा लागतो, आणि त्यासाठी क्यूजीआयएस हे नकाशांचे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरेसे आहे. ते जुन्या संगणकावर चालत नसेल तर दुसऱ्या कोणत्याही संगणकावर हे काम करून फक्त तयार फाइल आपल्याकडे आणता येते.

क्यूजीआयएसमध्ये शेपफाइल उघडल्यावर लगेच डीएक्सएफ (ऑटोकॅडला वाचता येणारी देवघेवीची फाइल) काढू नये. आधी लेयरच्या (उघडलेल्या नकाशाच्या थराच्या) गुणधर्मांत निर्देशकांची पद्धत पाहावी. ती अक्षांश-रेखांशाची असेल, तर एक अंश म्हणजे एक एकक होते आणि उत्तर-दक्षिण तीन किलोमीटर पसरलेले गाव ऑटोकॅडमध्ये जेमतेम ०.०२७ एकक उंचीचे येते, म्हणजे पडद्यावर ठिपकासुद्धा नीट दिसत नाही, आणि पुष्कळ जण फाइल रिकामी निघाली असे समजून ती पुसून टाकतात. काही जण ‘स्केल’ कमांडने हाच ठिपका मोठा करतात. तसे करून चालत नाही. आपल्या भागात अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटरचा असतो, तर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५.९ किलोमीटरचा; त्यामुळे अंशातला नकाशा कितीही मोठा केला तरी तो पूर्व-पश्चिम साडेचार टक्क्यांच्या आसपास ताणलेलाच राहतो, आणि त्यावर मोजलेली जलवाहिनीची लांबी चुकते.

म्हणून लेयरच्या नावावर उजवी कळ दाबून ‘एक्स्पोर्ट’मधून लेयरची नवी प्रत काढावी आणि ती काढताना वाईसाठी यूटीएम (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मोजण्याची पद्धत) विभाग ४३ उत्तर, म्हणजे पद्धतींच्या यादीत ईपीएसजी ३२६४३ या क्रमांकाची मीटरमधील पद्धत निवडावी. ‘सेट लेयर सीआरएस’ (सीआरएस म्हणजे निर्देशकांची पद्धत) हा पर्याय यासाठी वापरू नये; त्याने आकडे बदलत नाहीत, त्यांच्यावरची चिठ्ठी तेवढी बदलते. नव्या प्रतीत वाईजवळ पूर्वेचा आकडा सुमारे ३,८२,००० आणि उत्तरेचा सुमारे १९,८५,००० असा दिसला, म्हणजे रूपांतर मार्गी लागले असे समजावे.

यानंतर ‘प्रोजेक्ट’ मेनूतून डीएक्सएफ काढावी. ही फाइल ऑटोकॅड २००० च्या स्वरूपात लिहिली जाते, त्यामुळे आपल्या २००६ मध्ये ती अडचणीशिवाय उघडेल. उघडल्यावर ‘झूम एक्स्टेंट्स’ ही सगळा आराखडा पडद्यावर आणणारी कमांड द्यावी आणि एकक मीटर ठेवावे; मिलिमीटरमध्ये काढलेला टाकीचा आराखडा त्यात घालताना हजारपटीचा फरक पडतो, हे ध्यानात असू द्यावे. डीबीएफमधील तक्ता मात्र डीएक्सएफबरोबर जात नाही. गट क्रमांक आराखड्यावर हवे असतील तर क्यूजीआयएसमध्ये त्या स्तंभाची ‘लेबले’ आधी सुरू करावीत, म्हणजे ती मजकूर म्हणून सोबत येतात. गावांची नावे देवनागरीत असतील तर २००७ पूर्वीच्या स्वरूपात त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे येण्याचा संभव असतो. अशा वेळी लेबले आकड्यांचीच ठेवून नावे नंतर हाताने लिहिणे अधिक सुरक्षित.

शेवटी प्रत्यक्ष जागेवर टेपने किंवा यंत्राने मोजलेले एखादे अंतर, उदाहरणार्थ दोन पुलांमधील रस्ता, आराखड्यावर मोजून पाहावे, आणि ते जुळल्याशिवाय पुढचे काम सुरू करू नये. या रीतीने आलेली गटाची रेषा नियोजनासाठी उपयोगी आहे. शेजाऱ्याशी हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख विभागाची मोजणीच करून घ्यावी लागेल. मूळ चारही फायली जपून ठेवाव्यात, कारण डीएक्सएफवरून तो तक्ता पुन्हा मिळवता येत नाही.

प्रश्न : आमच्याकडे पुसद आणि वणी या दोन्ही तालुक्यांच्या रस्त्यांच्या फायली मीटरमध्येच आहेत, तरी एका आराखड्यात आणल्या की वणी पुसदच्या पश्चिमेला, फार दूर जाऊन पडते. शिवाय गटांतील हॅच (क्षेत्र भरणाऱ्या रेषांची नक्षी) तुटक दिसतो.
— आरेखक, यवतमाळ

उत्तर : आपला जिल्हा नेमका ७८ अंश पूर्व रेखांशावर पसरलेला आहे, आणि यूटीएमचे ४३ व ४४ हे विभाग याच रेषेवर एकमेकांना मिळतात. प्रत्येक विभागाच्या मध्यावरील रेखावृत्ताला पूर्वेचा आकडा ५,००,००० दिलेला असतो. त्यामुळे विभाग ४३ मध्ये पुसद सुमारे ७,६९,००० वर येते, तर विभाग ४४ मध्ये वणी सुमारे २,८६,००० वर. ऑटोकॅडला विभाग कळत नाही, नुसते आकडे कळतात. म्हणून प्रत्यक्षात पूर्वेला असलेली वणी त्याने जवळपास ४८० किलोमीटर पश्चिमेला नेऊन ठेवली. आराखड्यात ‘मूव्ह’ने ती ओढून आणू नये, कारण दोन विभागांत उत्तर दिशाही किंचित निराळी असते आणि रस्ते तालुक्यांच्या सीमेवर जुळणार नाहीत.

दोन्ही फायली क्यूजीआयएसमध्ये एकाच विभागात आणाव्यात. मी ४४ निवडेन. पुसद त्या विभागाच्या कक्षेबाहेर असल्याने तिथे अंतर दर किलोमीटरला सुमारे १.२ मीटर जास्त दिसेल; उलट सगळा जिल्हा ४३ मध्ये घेतला तर वणीकडे हाच फरक सुमारे १.७ मीटर होतो. जिल्ह्याच्या रस्ते नियोजनाला एवढा फरक चालतो. पुसदजवळ एखाद्या मोरीची आखणी करायची झाल्यास मात्र त्या कामापुरती विभाग ४३ मधील वेगळी फाइल ठेवावी.

हॅच तुटण्याचे कारण आकड्यांचा मोठेपणा हे असावे. आराखडा मूळ बिंदूपासून लाखो एकक दूर असला की जुन्या आवृत्त्यांत हॅच आणि वर्तुळे नीट उमटत नाहीत. अशा वेळी आराखड्याची प्रत करून ती पूर्ण आकड्यांनीच सरकवावी, जसे पश्चिमेकडे २,००,००० आणि दक्षिणेकडे २२,००,०००, आणि हे आकडे शीर्षकाच्या चौकटीत स्पष्ट लिहावेत. न लिहिता सरकवलेला आराखडा पुन्हा जागेवर बसवायला मागाहून येणाऱ्या माणसाचे दिवस जातात, हे मी पाहिले आहे.

प्रश्न : सल्लागारांनी नकाशा थेट डीडब्ल्यूजीमध्ये, म्हणजे ऑटोकॅडच्या स्वतःच्या स्वरूपातच पाठवला, तरी तो आमच्या ऑटोकॅड २००४ मध्ये उघडत नाही.
— कंत्राटदार, मिरज

उत्तर : फाइलची एक प्रत नोटपॅडमध्ये उघडून पहिली सहा अक्षरे वाचावीत आणि काहीही जतन न करता ती बंद करावी. एसी१०१५ असेल तर स्वरूप ऑटोकॅड २००० चे आहे आणि एसी१०१८ असेल तर २००४ चे; ही दोन्ही आपल्याकडे उघडायला हवीत. एसी१०२१ हे २००७ चे, एसी१०२४ हे २०१० चे, एसी१०२७ हे २०१३ चे आणि एसी१०३२ हे २०१८ चे स्वरूप आहे, आणि ही चारही आपल्या आवृत्तीला वाचता येत नाहीत. पाठवणाऱ्यांकडून २००४ च्या स्वरूपात प्रत मागवावी. ते शक्य नसेल तर ओपन डिझाइन अलायन्सचा विनामूल्य फाइल कन्व्हर्टर हे काम करतो. उघडल्यावर ‘प्रॉक्सी’ची, म्हणजे ऑटोकॅडला अनोळखी असलेल्या वस्तूंची सूचना आली, तर नकाशा सिव्हिल थ्रीडीसारख्या विशेष सॉफ्टवेअरमध्ये तयार झाला आहे असे समजावे, आणि त्या वस्तूंचे साध्या रेषांत रूपांतर करून प्रत पाठवण्याची विनंती सल्लागारांनाच करावी.