'अलार्म वेंट ऑफ' म्हणजे अलार्म वाजला की बंद पडला?

वाजला. आणि 'टर्न ऑफ द अलार्म' म्हणजे तो बंद कर. ऑफ म्हणजे बंद असं लहानपणापासून ऐकत आलो, मग वाजायला लागलेल्या गोष्टीला ऑफ का म्हणायचं, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. या शब्दाने मलाही एकदा तोंडघशी पाडलंय. सबटायटल्सची कामं नुकतीच घ्यायला लागलो होतो. एका दृश्यात 'द बॉम्ब डिडन्ट गो ऑफ' असं वाक्य आलं आणि मी झोकात लिहून मोकळा झालो, 'बॉम्ब बंद झाला नाही.' पडद्यावर मात्र सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी शेजारी एवढाच शेरा मारला होता: 'मग हे हसतायत का?'

गोची आपल्या पाठांतरात आहे. ऑफचा मूळ अर्थ 'बंद' नाहीच. मूळ अर्थ आहे 'पासून दूर, अलग, सुटं'. बंद हा त्याला नंतर फुटलेला धुमारा. वीज, पाणी, गॅस यांचा पुरवठा तोडला, म्हणजे दिवा किंवा नळ त्यापासून वेगळा केला, की तो ऑफ. स्विचच्या आतही तेच होतं: दोन पत्र्या एकमेकींपासून दूर होतात आणि प्रवाह तुटतो.

आता चावीचं जुनं गजराचं घड्याळ डोळ्यांपुढे आणा. घंटेवर आपटणाऱ्या हातोडीची स्प्रिंग चावी देऊन ताणलेली असते आणि एका खटक्याने अडवून धरलेली असते. लावलेली वेळ झाली की खटका सरकतो, हातोडी सुटते आणि ठणाणा सुरू होतो. बंदुकीतही ताणून धरलेला घोडा असाच सुटतो, म्हणून 'द गन वेंट ऑफ'. बॉम्बचंही तेच. दाबून ठेवलेलं काहीतरी मोकळं झालं, एवढंच ऑफ सांगतो.

हे विचित्र वाटत असेल, तर आपलं 'सुटणे' पाहा. शाळा सुटली म्हणजे संपली. वारा सुटला म्हणजे सुरू झाला. गाडी सुटली म्हणजे निघाली, आणि 'माझी गाडी सुटली' म्हणजे मी फलाटावरच राहिलो. सिगारेट सुटते, घाम सुटतो, पोट सुटतं. यातल्या एकालाही आपण अडखळत नाही, कारण काय सुटलं यावरून अर्थ आपोआप लागतो. मराठी शिकणाऱ्या एखाद्याने 'सुटणे म्हणजे संपणे' असं वहीत लिहून ठेवलं, तर वारा सुटल्यावर त्याची जी पंचाईत होईल, तीच आपली अलार्मपाशी झालीय.

'वेंट ऑफ'ला हाच नियम लावा. अलार्म वेंट ऑफ: वाजला. लाइट्स वेंट ऑफ: दिवे गेले. मिल्क वेंट ऑफ: दूध नासलं. ही वेंट ऑफ: तो निघून गेला. आय वेंट ऑफ कॉफी: मला कॉफी नकोशी झाली. क्रियापद तेच, कर्ता आणि कर्म बदललं की अर्थ पालटतो. 'टेक ऑफ'चंही तसंच. विमान जमिनीपासून सुटतं, बूट पायांपासून, आणि माणूस कामापासून दोन दिवस.

एक उपयोग मात्र वेगळा लक्षात ठेवा, कारण शब्दकोशात तो पटकन हाती लागत नाही. पे ऑफ, फिनिश ऑफ, सेल ऑफ, किल ऑफ. इथे ऑफ म्हणजे पूर्णपणे, एकदाचं. आपण हे काम 'टाकणे'कडून करून घेतो: फेडून टाकलं, संपवून टाकलं, विकून टाकलं, मारून टाकलं. अनुवाद करताना हे सुचलं त्या दिवशी माझी निम्मी वाक्यं सरळ झाली.

थोडं विषयांतर, पण मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. 'ऑफ' आणि एका एफचा 'ऑव्ह' हे जुन्या इंग्रजीत एकच शब्द होते. ठासून उच्चारलेलं रूप ऑफ झालं, हलकं उच्चारलेलं ऑव्ह राहिलं. जर्मनमधला 'आब', लॅटिनमधला 'अब', ग्रीकमधला 'अपो' ही त्यांची भावंडं. आणि संस्कृतातला 'अप' हेही. अपहरण म्हणजे अक्षरशः 'कॅरी ऑफ'. दोघांची घसरणही एकाच दिशेने झालीय. 'दूर' म्हणता म्हणता 'बिघडलेलं, वाईट' असा अर्थ चिकटला: आपल्याकडे अपशब्द, अपकीर्ती, त्यांच्याकडे ऑफ झालेलं दूध. भल्या घरची भावंडं सारख्याच वाटेने बिघडावीत तसं.

शेवटी एक खबरदारीची गोष्ट. मराठीत बोलताना आपण 'उद्या माझा ऑफ आहे' किंवा 'मूड ऑफ आहे' म्हणतो. ते आपलं आपल्यात ठीक. पण इंग्रजीत ऑफ असा सुट्टी या अर्थी एकटा नाम म्हणून वापरत नाहीत. 'आय हॅव टुमॉरो ऑफ' किंवा 'आय ॲम ऑफ टुमॉरो' म्हणा. सुट्टीचा दिवस म्हणजे 'डे ऑफ'. शब्दांची अदलाबदल करून 'ऑफ डे' केलात, तर तो ज्या दिवशी सगळी कामं फसतात तो दिवस होतो. साहेबांना 'टुमॉरो इज माय ऑफ डे' असं कळवलंत, तर तुम्ही उद्या येणार आहात आणि कामाचा विचका करणार आहात, असा त्यांचा समज होईल.