वाचकांचे प्रश्न : गावाकडची जुनी मृत्युनोंद कशी शोधावी?

पणजोबा १९४० च्या आसपास गावीच वारले. ग्रामपंचायत म्हणते, एवढं जुनं दप्तर आमच्याकडे नाही. मग नोंद कुठे असेल? (वाचक, कराड तालुका)

ग्रामपंचायतीने सांगितलं ते बहुतेक खरं आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या गावागावांतल्या नोंदी महसूल खात्याच्या दप्तरात, म्हणजे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात शोधाव्या लागतात. पश्चिम महाराष्ट्रात त्या वहीला 'गाव नमुना १४' म्हणतात, विदर्भात 'कोतवाल बुक'. अर्जात नुसतं 'नमुना १४' लिहू नका. आजच्या गाव नमुन्यांत १४ क्रमांक पाणीपुरवठ्याच्या माहितीचा आहे आणि नवा कारकून तीच वही काढून देतो. 'जुना गाव नमुना १४, जन्म-मृत्यू रजिस्टर' असं पूर्ण लिहा.

अर्ज तहसीलदारांच्या नावाने करा. गावाचं नाव बुद्रुक-खुर्दसकट लिहा. वाडी पूर्वी कुठल्या मूळ गावात मोडत होती, मयताचं आणि त्याच्या वडिलांचं नाव, जात आणि हवी असलेली वर्षंही द्या. '१९३० ते १९५० शोधून द्यावे' असा अर्ज पडून राहतो, कारण रुमालात बांधलेली वीस वर्षांची दप्तरं सोडून पान न् पान चाळायला तिथे माणूस नसतो. तीन-चार वर्षांचा टप्पा मागा आणि त्याच अर्जात 'समक्ष पाहणीची परवानगी मिळावी' हे वाक्य घाला. पाहणीत नोंद सापडली की वर्ष, पान आणि अनुक्रमांक टिपून घ्या आणि मग नकलेचा वेगळा अर्ज द्या.

कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कामात या वह्या मोठ्या प्रमाणावर बाहेर काढल्या गेल्या. बऱ्याच जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर त्यांतली पानं गाववार चढवलेली आहेत. तालुक्याला जाण्याआधी ती पाहून घ्या. मात्र तिथे मुख्यतः कुणबी नोंद असलेलीच पानं आहेत, अख्खी वही नाही. तुमचं नाव तिथे नसणं म्हणजे नोंद नसणं नव्हे.

वर्षच माहीत नाही. कुठून सुरुवात करू? (वाचक, संगमनेर)

वर्ष जवळपास आणणं हेच या शोधातलं खरं काम आहे.

जमीन असेल तर फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद, आधी काढा. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात जे आकडे असतात, ते फेरफारांचे क्रमांक. वारसाचा फेरफार (गाव नमुना ६) आणि मयत खातेदारांच्या वारसांची नोंदवही (६-क) यांत 'अमुक मयत, वारस अमुक' असा मजकूर मिळतो, पुष्कळदा मृत्यूच्या तारखेसह. जुने फेरफार तलाठी किंवा तहसील कार्यालयात मिळतात. अनेक जिल्ह्यांचे 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर शुल्क भरून उतरवताही येतात. इथे एक चूक फार होते. फेरफाराची तारीख हीच मृत्यूची तारीख धरली जाते. भावाभावांत वाटपाचा विषय निघेपर्यंत वारसनोंद दहा-दहा वर्षं राहिलेली असते. तेव्हा फेरफार एवढंच ठरवतो की मृत्यू त्याच्या आधीचा आहे. तिथून मागे जायचं.

दुसरा धागा घरातच असतो, श्राद्धाची तिथी. वर्षश्राद्ध कुठल्या महिन्यात, शुद्ध की वद्य, कोणत्या तिथीला होत असे हे घरातल्या थोरल्या बाईला विचारा. समजा कार्तिक वद्य पंचमी असं कळलं. ही तिथी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कधीही येते. म्हणजे दहा वर्षांच्या वह्या पाहायच्या असतील, तर प्रत्येक वर्षाचे दोनच महिने पुरतात. एकशेवीस महिन्यांऐवजी वीस. नोंद सापडल्यावर त्या वर्षाच्या पंचांगाशी तिथी ताडून पाहा. एक-दोन दिवसांचा फरक असेल तर घाबरू नका. नोंदवल्याची तारीख आणि मृत्यूची तारीख वेगळी असू शकते.

पितृपक्षातली तिथी मात्र अपुरी आहे. तिच्यावरून पंचमी एवढं कळतं, महिना आणि पक्ष कळत नाही. सवाष्ण गेलेल्या बाईचं श्राद्ध अविधवा नवमीला होतं आणि तिथी माहीत नसलेल्यांचं सर्वपित्रीला, म्हणून या दोन दिवसांवरून काहीच ठरवू नये.

अस्थी नाशिक, त्र्यंबकेश्वर, पैठण किंवा पंढरपूरला नेल्या असतील, तर तिथल्या तुमच्या गावाच्या तीर्थोपाध्यांची वही पाहा. त्यांना मूळ गाव आणि आडनाव सांगावं लागतं, आजचा पत्ता नाही. वहीत कोण कोणाच्या अस्थी घेऊन कधी आला ते लिहिलेलं असतं, आणि त्यावरून मृत्यूचा काळ बराच नेमका होतो.

घर भूमिहीन असेल, तर ग्रामपंचायतीच्या घर आकारणीच्या नमुना ८ मध्ये मालकाचं नाव कोणत्या वर्षी बदललं ते पाहा.

वही मिळाली, वर्षही बरोबर, पण आजीचं नाव नाही. (वाचक, चिपळूण)

आधी हे तपासा की त्या वारल्या कुठे. नोंद राहत्या गावी होत नाही, मृत्यू झाला त्या ठिकाणी होते. बाळंतपणात गेलेल्या बाईची नोंद बहुधा माहेरच्या गावात सापडते. गिरणीतला माणूस मुंबईत वारला असेल तर नोंद मुंबई महापालिकेकडे, जिल्ह्याच्या रुग्णालयात वारला असेल तर त्या शहराच्या नगरपालिकेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांचा निम्मा शोध याच कारणाने फसतो.

गाव बरोबर असेल तर वही पुन्हा वाचा, आणि या वेळी नोंदणाऱ्याच्या कानाने वाचा. आडनाव पुष्कळदा नसतंच. 'बाळा बिन राणू' म्हणजे राणूचा मुलगा बाळा, 'सखू कोम बाळा' म्हणजे बाळाची बायको सखू. घरात लक्ष्मीबाई म्हणून फोटो असलेल्या आजी वहीत 'लखमी' असतात, महादेव 'म्हादू' असतो, विठ्ठल 'इठू'. तान्ह्या मुलांना नाव नसतं, 'मुलगी' एवढंच आणि पुढे बापाचं नाव. म्हणून नावावरून न शोधता नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, जात आणि वय या तिन्हींचा मेळ बसतो का ते पाहा. वय अंदाजाने घातलेलं असतं, पाच-सात वर्षांचा फरक सोडून द्या. साथीच्या वर्षांत एकामागून एक 'पटकी' (कॉलरा), 'ताप' अशी कारणं लिहिलेली दिसतात. त्या घाईत गाळलेल्या नोंदी कधी पुढच्या महिन्याच्या पानावर चढवलेल्या असतात, तेव्हा पुढचे दोन महिनेही चाळा.

वही मोडी लिपीत असेल तर अंदाजाने वाचू नका. मोडीत र्‍हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि काही अक्षरं एकमेकांसारखी दिसतात. जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. ते सरकारी कामासाठी हवं असेल, तर कोणाचं लिप्यंतर चालेल हे त्या कार्यालयात आधी विचारा.

आमचं गाव निजामाच्या राज्यात होतं. (वाचक, औसा)

१९४८ पूर्वीचं दप्तर उर्दूत असेल आणि साल फसली, म्हणजे निजामाच्या कारभारातलं महसुली साल. आजूर महिन्यापासून, म्हणजे साधारण ऑक्टोबरपासून, डिसेंबरअखेरपर्यंत फसली सनात ५९० मिळवा, पुढच्या महिन्यांना ५९१. फसली १३४० म्हणजे ऑक्टोबर १९३० ते ऑक्टोबर १९३१. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादमधून, म्हणजे आजच्या धाराशिवमधून वेगळा झाला. औशाच्या तहसीलमध्ये काही नाही निघालं तर धाराशिवच्या जिल्हाधिकारी कार्यालयातही विचारा.

वर्तमानपत्रातली निधनवार्ता कुठे मिळेल? (वाचक, इचलकरंजी)

ई-पेपर फार मागे जात नाहीत. जुने अंक बांधीव फायलींत असतात. जिल्हा ग्रंथालयात, विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणि जुन्या नगर वाचनालयांत चौकशी करा. कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं. फाईल कुठल्या आवृत्तीची आहे ते आधी विचारा. गावाकडची निधनवार्ता जिल्हा आवृत्तीत येते, पुण्या-मुंबईच्या अंकात ती सापडणार नाही. मृत्यूनंतरचे पंधरा दिवस पाहा आणि मग बरोबर एक वर्ष पुढे जा. 'प्रथम पुण्यस्मरण' या जाहिरातीत मृत्यूची तारीख बहुधा स्पष्ट छापलेली असते, तर निधनवार्तेत 'मंगळवारी निधन झाले' एवढंच. ज्ञातिसंस्थांच्या मासिकांतही निधनाच्या नोंदी येतात. वार्तेतलं वय आणि नातवंडांची संख्या प्रमाण मानू नका, पण मुली कुठल्या गावी दिल्या ते मात्र टिपून ठेवा. पुढचा शोध तिथूनच निघतो.

कुठेच नोंद नाही. आता दाखला कसा मिळेल? (वाचक, मेहकर)

मृत्यू जिथे झाला तिथल्या जन्म-मृत्यू निबंधकाकडून आधी नोंद नसल्याचं प्रमाणपत्र, नमुना १०, घ्या. एक वर्षापेक्षा जुन्या मृत्यूची नोंद जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या कलम १३(३) खालच्या आदेशानेच होते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हा आदेश जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात. प्रतिज्ञापत्र एकटं पुरत नाही. वारस फेरफार, पोलीस पाटलांचा दाखला, रुग्णालयाचा कागद, निधनवार्तेची प्रत, असं जे जे हाती लागेल ते जोडा, आणि सगळ्या कागदांत नाव आणि तारीख एकच आहे ना ते अर्जापूर्वी पाहा. एका कागदावर महिना वेगळा निघाला तर प्रकरण चौकशीला जातं. अंदाजाची तारीख ठामपणे लिहून देऊ नका. प्रतिज्ञापत्रातलं खोटं विधान हा गुन्हा आहे.