ऑफसेटला हात कधी लावायचा?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत. मी २६ वर्षं सीएनसी (संगणकाला दिलेल्या आकड्यांवर चालणाऱ्या) लेथ आणि मिलिंग मशीनवर काढली, आधी ऑपरेटर म्हणून आणि मग सेटर, म्हणजे नव्या कामासाठी मशीन लावून देणारी, म्हणून. त्यामुळे उत्तरं त्या चष्म्यातूनच येणार. तिसऱ्या पत्राचं उत्तर लांबलंय. तो विषय निघाला की मला आवरत नाही.

ताई, मुलाला सीएनसी ऑपरेटरचं काम मिळतंय. घरातले म्हणतात, प्रोग्रॅम दुसरा कुणी लिहितो, मशीन आपलं आपण चालतं, हा नुसता दार उघडणार आणि बटण दाबणार. यात शिकण्यासारखं काही असतं का? – एक आई

घरातल्यांचं अर्धं बरोबर आहे. प्रोग्रॅम बऱ्याचदा दुसऱ्याचाच असतो आणि हिरवं बटण दाबायला एक सेकंदही लागत नाही. प्रश्न आहे तो बटणाच्या आधीच्या आणि नंतरच्या वेळाचा.

शिफ्ट सुरू होताना तुमचा मुलगा आधी ऐकेल. कुठल्या टूलची टिप (कापणारं टोक) कधी बदलली, कुठल्या मापाला किती ऑफसेट (मशीनला आकड्यात दिलेली बारीक दुरुस्ती) दिला, काय त्रास देतंय, हे जाणाऱ्या ऑपरेटरकडून काढून घ्यायचं असतं. मग कूलंटची (कापताना गार ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी, त्याचा दाटपणा, ल्युब ऑइल, चकचा (तुकडा पकडणाऱ्या पंजाचा) दाब बघायचा. हातातलं ड्रॉइंग नव्या रिव्हिजनचं आहे ना, तेही बघायचं. नवा जॉब (घडवायचा तुकडा) लागणार असेल तर जॉ (चकच्या पकडी) बसवायचे, टूल गरजेपेक्षा जास्त बाहेर न काढता आवळायचं, प्रत्येक टूलचा ऑफसेट (त्याचं टोक नेमकं कुठे आहे तो आकडा) घ्यायचा, जॉबचा शून्यबिंदू ठरवायचा.

पहिला तुकडा चालवताना बघा त्याच्याकडे कधी. सिंगल ब्लॉक (एका वेळी प्रोग्रॅमची एकच ओळ) चालू, रॅपिड (हवेतली धाव) अगदी कमी, एक हात फीड होल्डच्या, म्हणजे हालचाल थांबवणाऱ्या, बटणावर आणि नजर पडद्यावरच्या 'डिस्टन्स टू गो'च्या आकड्यावर. टूल जॉबपासून दोन बोटांवर दिसतंय आणि पडदा म्हणतोय अजून १४० मिलिमीटर जायचंय, तर त्याच क्षणी थांबवायचं. समोर काय आहे हे बहुतेक मशीनला कळत नाही. सांगितलेल्या जागी ते जातं, वाटेत जॉ आला तरी जातं. त्याला आमच्यात 'टूल ठोकलं' म्हणतात. तो आवाज एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही.

आणि आवाजावरून बरंच कळतं. टिप बोथटायला लागली की कापण्याचा सूर बदलतो, जॉब थरथरायला लागला की किंचाळी ऐकू येते. चिप (कापून निघणारा धातूचा छिलका) तुटून पडतेय की लांब दोरीसारखी टूलला गुंडाळतेय, हेही येता-जाता बघावं लागतं. हे सगळं यायला वर्ष-दोन वर्षं जातात. करू द्या त्याला.

शाळेत गणितानं रडवलं. जी-कोड वगैरे ऐकून पोटात गोळा येतो. कितपत गणित लागतं?

बेरीज-वजाबाकी दशांश चिन्हासकट चोख हवी. कोन काढायला थोडी त्रिकोणमिती लागते, ती कामाबरोबर येते. याशिवाय एक गुणाकार-भागाकार रोज लागतो, फेऱ्यांचा. कापण्याचा वेग मिनिटाला मीटरमध्ये घ्या, त्याला १००० ने गुणा आणि पाय गुणिले व्यासाने भागा. ५० मिलिमीटर व्यास आणि २०० मीटर वेग असेल तर मिनिटाला साधारण १२७० फेरे येतात. आता टूल जॉबच्या तोंडावरून मध्याकडे निघालं की व्यास घटत जातो, म्हणजे तोच वेग राखायला फेरे वाढवत न्यावे लागतात. फॅनुक (मशीन चालवणारा एक कंट्रोल) पद्धतीच्या लेथवर जी ९६ हा कोड हे आपोआप करतो. मध्याशी पोचताना फेरे भलतेच वाढू नयेत म्हणून जी ५० ने वरची मर्यादा बांधायची असते. ती मर्यादा लिहिलेली नसेल तर मी सायकल सुरूच करत नसे, कारण फेरे वाढले की चकची पकड ढिली पडते.

कोड मोजकेच असतात. जी ०० म्हणजे हवेतून भरधाव, जी ०१ म्हणजे कापत सरळ, जी ०२ आणि जी ०३ म्हणजे कमान. एम ०३ ने स्पिंडल (मशीनचा फिरणारा मुख्य दांडा) फिरतो, एम ०८ ने कूलंट सुरू होतं. पाठांतराची भीती नको, भीती असावी ती टिंबाची. कित्येक कंट्रोलवर 'एक्स ५०' (एक्स दिशेला ५० वर जा) याच्या पुढे टिंब नसेल तर मशीन ते ५० मिलिमीटर न समजता ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे ५० हजारावे भाग, समजतं. १९५२ साली एमआयटीत आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन पहिल्यांदा लोकांना दाखवलं, तेव्हा हुकूम कागदी पट्टीवरच्या भोकांतून जात. चुकीचं भोक तेव्हाही तितक्याच इमानानं पाळलं जायचं.

मॅडम, मी शिकाऊ आहे. पहिला तुकडा मापात येतो. नंतर प्रत्येक तुकडा मोजून मी ऑफसेट सुधारतो, कधी ४ मायक्रॉन, कधी ६. तरी मापं वरखाली पळतात. मी मोजलंच नाही तर सर ओरडतात आणि ऑफसेट बदलला तरी ओरडतात. करू काय?

तुझे सर दोन्ही वेळा बरोबर ओरडतात. मोजत राहा, हात आवर.

आधी एकच तुकडा तीनदा मोज. पुसून, बर (कडेला राहिलेले धातूचे काटे) काढून, मायक्रोमीटर रॅचेटनेच (दाब सारखा ठेवणाऱ्या टोकानेच) फिरवून. त्याच तुकड्याची तीन मापं आपसांत ४ मायक्रॉननं फिरत असतील, तर ४ मायक्रॉनची सुधारणा तू नक्की कशाची करतोयस? तुझ्या बोटांचा फरक तू मशीनमध्ये भरतोयस. पुढचा तुकडा त्यामुळे उलटीकडे जातो, तू तो परत ओढतोस, आणि स्वस्थ चाललेलं मशीन तुझ्यामुळे झुलायला लागतं.

मापं क्रमानं कागदावर लिही. तीन गोष्टी वेगवेगळ्या दिसतील. मापं मध्याच्या दोन्ही बाजूंना इकडेतिकडे पडत असतील तर गप्प बस. एकाच दिशेनं हळूहळू सरकत असतील, बाहेरचा व्यास दर काही तुकड्यांनी दोन-तीन मायक्रॉन वाढतोय, तर ती टिपेची झीज आहे. तेव्हा ऑफसेट दे, तोही मापाला मध्यावर आणणारा. आणि अचानक उडी मारली, आधी सगळं ठीक आणि एकदम ३० मायक्रॉन, तर ऑफसेटला बिलकूल शिवू नकोस. मशीन थांबव आणि दार उघडून बघ. टिपेचा कपचा उडालाय, इन्सर्टचा, म्हणजे टिपेचाच, स्क्रू ढिला आहे की जॉबच्या मागे चिप अडकली आहे? उडीला ऑफसेटनं उत्तर दिलंस तर चिप निघून गेल्यावर पुढचा तुकडा तेवढाच उलट चुकणार.

आता माझी फजिती. नुकतीच सेटर झाले होते. ॲल्युमिनियमचा ८० मिलिमीटर व्यासाचा जॉब, टॉलरन्स (चालणारा फरक) एच ७, म्हणजे बाहेरच्या व्यासाला ८०.००० ते ७९.९७०. मशीनमधून काढला तसा मोजला, ८०.००७. बाई खूश, चूक सापडली! वेअरमध्ये (झिजेसाठीच्या ऑफसेटच्या खान्यात) एक्सला, म्हणजे व्यासाच्या दिशेला, उणे ०.०२२ टाकलं. पुढचा तुकडा ७९.९८५, अगदी मधोमध. मग तसेच १८ तुकडे काढले, प्रत्येक गरमागरम मोजला, प्रत्येक उत्तम.

तासाभरानं तपासणीत सगळे ७९.९६३ च्या आसपास निघाले, १८ च्या १८ लहान. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन फुगतं. ८० मिलिमीटरचा जॉब १२ अंशांनी जास्त गरम असला की २२ मायक्रॉन मोठा दिसतो. म्हणजे ज्या पहिल्या तुकड्याला मी वाईट ठरवलं, तो थंड झाल्यावर बरोबर मध्यावर बसणारा होता. मापाचं प्रमाण तापमान २० अंश असतं, हे मला तोंडपाठ होतं. टेबलावरचा मायक्रोमीटर थंड आहे आणि हातातला जॉब नाही, हे मात्र सुचलं नाही. मोठा राहिलेला व्यास पुन्हा कापता येतो, लहान झालेल्याला धातू चिकटवता येत नाही. ते १८ तुकडे भंगाराच्या पेटीत मी स्वतः नेऊन टाकले, कुणी सांगायच्या आधी.

दोन गोष्टी तुझ्या वहीत घाल. सुट्टीनंतर मशीन थंडावलेलं असतं, तेव्हाच्या पहिल्या एक-दोन तुकड्यांवरून निर्णय घेऊ नकोस, स्पिंडल आणि स्लाइड थोडा वेळ चालू दे. आणि टिप बदललीस की जुन्या टिपेसाठी साठवलेला वेअर आधी काढ. झीज भरून काढायला उणे ०.०६० झालेलं असेल, तर नवी कोरी टिप तेवढंच जास्त खाईल. चिन्हही दोनदा वाच. बहुतेक लेथवर एक्स व्यासात चालतो, उणे ०.०१० दिलं की बाहेरचा व्यास १० मायक्रॉन कमी होतो, पण बोअर (आतलं भोक) मोठं करायचं तर अधिक द्यावं लागतं. रात्री तीन वाजता यात भल्याभल्यांची गल्लत होते.

पातळ भिंतीच्या रिंगा तीन जॉच्या चकमध्ये बोअर करतो. व्हर्निअरनं कुठूनही मोजलं तरी माप सारखं. तरी जोडणीवाले 'गोल नाही' म्हणून परत पाठवतात. चूक त्यांची ना?

नाही हो, चूक तुमच्या जॉची आहे. चक आवळल्यावर पातळ रिंग तीन ठिकाणी आत दबते. त्या दबलेल्या अवस्थेत तुम्ही बोअर गोल करता. चक सोडला की बाहेरचा आकार सावरतो आणि बोअर तीन कोपऱ्यांचं होतं. आता यातली गंमत बघा. तीन फुगवट्यांच्या आकारात एका फुगवट्याच्या बरोबर समोर खोलगट भाग येतो, त्यामुळे समोरासमोर दोन टोकांत मोजलं तर व्यास सगळीकडे जवळजवळ सारखाच भरतो. तुमचं व्हर्निअर खोटं बोलत नाही, त्याला तो प्रश्न कळतच नाही. शिवाय अशा कामाला व्हर्निअर नकोच, तीन टोकांचा बोअर गेज घ्या आणि रिंग फिरवत मोजा.

उपाय म्हणजे रिंगेच्या बाहेरच्या व्यासाला बोअर केलेले रुंद सॉफ्ट जॉ (कापून आकार देता येणारे मऊ जॉ), म्हणजे पकड तीन टोकांवर न राहता जवळजवळ पूर्ण परिघावर पसरेल. फिनिशिंगच्या आधी चकचा दाब कमी करा, आणि कमी दाबावर फेरेही कमी ठेवा. काही वेळा रिंग बाजूंनी न आवळता तिच्या सपाट तोंडावर दाबून धरणारं फिक्श्चर (जॉब धरायची खास चौकट) बनवणं हाच शहाणपणा असतो. त्यात वेळ जातो, पण परत आलेल्या रिंगा मोजण्यातही जातोच की.

चिप हाताला कापतात. चालू मशीनवर हातमोजे घालावेत का?

फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे घालायचे नाहीत. मोज्याचा धागा अडकला की हात सोडवायला वेळ मिळत नाही. लांब बाह्या, सुटे केस, अंगठी, गळ्यातली साखळी यांचंही तेच. स्पिंडल पूर्ण थांबल्यावर चिप आकड्यानं किंवा ब्रशनं काढा, हवेच्या नळीनं उडवू नका, त्या डोळ्यात जातात. इन्सर्ट बदलताना, धारदार कडांचे तुकडे उचलताना मोजे जरूर घाला, आणि काम झालं की काढून मशीनपासून दूर ठेवा.