फ्रेंचांनी हवाना ‘काबीज’ केले की लुटले?

प्रश्न असा आला आहे : ‘सोळाव्या शतकात फ्रेंचांना स्पेनच्या अमेरिकेतल्या वसाहती काबीज करता आल्या असत्या का?’ या वाक्यात ‘काबीज’ बरोबर की ‘हस्तगत’ हवे? आणि ‘हवाना काबीज केली’ म्हणायचे की ‘केले’?

शेवटचे आधी उरकतो. ‘केले’. बोलणाऱ्याच्या मनात ‘शहर’ असते.

‘हस्तगत’ चूक नाही, पण कागदपत्रे हस्तगत होतात, चोरीचा ऐवजही होतो. पोलिसांच्या बातमीत तर रोजच. मुलूख किंवा किल्ला म्हटला की ‘काबीज’ हवे. शब्द अरबी, मूळ अर्थ मुठीत धरण्याचा. ‘कब्जा’ त्याचाच भाऊ आणि हिंदीतले पोट धरून बसणारे ‘कब्ज’ही त्याच घरचे. गंमत अशी की मुळात हा शब्द धरणाऱ्याचा आहे. हिंदीत आजही माणूस जमिनीवर ‘काबिज’ असतो. मराठीत मात्र किल्ला काबीज होतो. धरणारा मागे गेला, धरलेली वस्तू पुढे आली. तरी मूठ आवळून ठेवण्याची छटा पुसली गेली नाही. म्हणून तर शिवाजी महाराज १६६४ आणि १६७० अशा दोन वेळा सुरतेत शिरले, तरी सुरत ‘काबीज केली’ असे कोणी म्हणत नाही. तिथे ठाणे बसवायचे नव्हतेच. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती मात्र काबीज, कारण तिथे मराठ्यांचा अंमल बसला.

आता हीच फूटपट्टी फ्रेंचांना लावू. मेक्सिको जिंकणारा स्पॅनिश सेनानी कोर्तेस याने तिथून पाठवलेला खजिना १५२३ मध्ये झाँ फ्लरी या फ्रेंच समुद्री लुटारूने स्पेनच्या वाटेवरच गाठला. ती जहाजे पकडली. वसाहतीला धक्का नाही. जुलै १५५५ मध्ये झाक द सोर हा दुसरा फ्रेंच लुटारू क्युबातल्या हवानात उतरला. हवाना तेव्हा लहानशी वस्ती, गढीही किरकोळ. गव्हर्नर गावाबाहेर पळाला, मग माणसे जमवून परत आला आणि हरला. सोरला हवी होती खंडणी. ती मनासारखी मिळेना तेव्हा त्याने कैदी मारले, गाव जाळले आणि महिना भरायच्या आत जहाजे हाकारली. इथे ‘काबीज’ लिहिले तर वाचकाला वाटेल की झेंडा बदलला. ‘लुटले’, ‘जाळले’, फार तर ‘काही दिवस ताब्यात ठेवले’ म्हणा.

मग ठाणे का बसवले नाही? एक तर आसपास फ्रेंचांचे स्वतःचे बंदरच नव्हते. दाणागोटा, दारूगोळा, माणसे, सगळे अटलांटिक ओलांडून आणायचे. राजाचे लक्ष इटलीकडे, आणि १५६२ पासून तर घरातच कॅथलिक-प्रोटेस्टंट यादवी. शिवाय स्पेनचे खरे धन किनाऱ्यावर नव्हते. मेक्सिको शहर समुद्रापासून लांब, दोन हजार मीटरहून उंच पठारावर. कोर्तेसने ते जिंकले तेही त्लाश्कालांसारख्या स्थानिक मित्रांच्या हजारो माणसांच्या जोरावर. गलबतातून उतरलेल्या दोनशे जणांचे हे काम नव्हे.

ठाणे बसवण्याचा खरा प्रयत्न फ्लोरिडात झाला. १५६४ मध्ये तिथे फोर्ट कॅरोलिन हा फ्रेंचांचा कोट उभा राहिला आणि वर्षभरात उपासमार आली. काही शिपाई बंड करून स्पॅनिश जहाजे लुटायला गेले. त्यातले काही पकडले गेले आणि ठाण्याचा ठावठिकाणा स्पेनला कळला. (लुटीची सवय ठाण्याला अशी भोवते.) १५६५ मध्ये स्पॅनिश दर्यासारंग पेद्रो मेनेंदेझने जवळच सेंट ऑगस्टीन वसवले आणि लगेच फ्रेंचांचा तो कोट घेतला. फ्रेंच सरदार झाँ रिबोचा ताफा वादळाने फुटला होता. किनाऱ्याला लागलेल्या त्याच्या माणसांना मेनेंदेझने कापून काढले. त्या खाडीला अजून ‘मातान्सास’ म्हणजे कत्तली हेच नाव आहे. १५६८ मध्ये दोमिनिक द गुर्ग या फ्रेंचाने सूड घेतला, कोट जिंकला, स्पॅनिशांना फासावर लटकवले आणि मायदेशी परतला. म्हणजे पुन्हा तेच. कोट ‘जिंकला’ खरा, पण ‘काबीज’ म्हणायला माझी जीभ अडते.

तेव्हा तुमच्या वाक्यात ‘काबीज’ राहू द्या. मात्र तो शब्द ठेवलात की सोळाव्या शतकापुरते माझे उत्तर ‘नाही’. ‘लुटता’ घातलेत तर उत्तर ‘लुटल्याच की’.

एक जागा मात्र फ्रेंचांना मिळाली. हिस्पॅनिओला बेटाच्या पश्चिम भागात चोरटा व्यापार फार, म्हणून १६०५-०६ मध्ये स्पेनने तिथली आपलीच गावे उठवून लोकांना पूर्वेकडे नेले. मागे गुरे राहिली, ती रानटी झाली. त्यांच्या शिकारीला फ्रेंच आले, झोपड्या पडल्या, मग शेते, मग गव्हर्नर. १६९७ च्या तहानंतर तो भाग फ्रान्सचा धरला जाऊ लागला. आजचा हैती तोच. तिथे ना ‘काबीज’ चालेल ना ‘लूट’. शेजारी दरवर्षी नांगराचे एक तास बांधात घालत जातो, त्याला आपल्याकडे बांध कोरणे म्हणतात. जमीन ‘बळकावली’ असे लिहा.